तागडी तांडेलांचे नीरम

आमच्या मचव्याचे प्रमुख, तागडी तांडेल, आधी माणसाच्या पायांकडे पाहत, मग तोंडाकडे. पाऊल कसे पडते यावरून ते उतारूची मचव्यातली जागा ठरवीत. त्याने तोंडाने सांगितलेले वजन ते ऐकून घेत नसत. त्यांचे खरे नाव मालवण बंदरावर कोणी उच्चारीत नसे. तागडी, म्हणजे तराजू, म्हणत, बहुधा पाठीमागे.

आमचा मचवा लहान, एका शिडाचा. मीठ आणि सुकी मासळी घेऊन खारेपाटणपर्यंत जाई. माल कमी असला की तोल राखण्यासाठी तळात दगड घालावे लागतात. त्यांना नीरम म्हणतात. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, ते जास्त झाले तर मचवा लाटेत तोंड खुपसतो, एका अंगाला झाले तर उलटतो. तांडेल प्रत्येक दगडाच्या जागेवर चुन्याची खूण करीत आणि निघण्यापूर्वी अनवाणी पायांनी मधोमध, डोळे मिटून उभे राहत. मचवा कलला असला तर त्यांच्या तळव्यांना कळे. खलाशांत त्यांच्या खालोखाल माझा मान होता. तरी मलाही दगड चुन्याच्या खुणांवरच ठेवावे लागत.

बाहेरचा दगड मचव्यात आणायचा नाही, हा त्यांचा नियम. एकदा एका आईने लेकीची पेटी चढवली, आत लुगडी आहेत म्हणाली. तांडेलांनी क्षणभर उभे राहून पेटी उघडायला लावली. लुगड्यांखाली पाटा-वरवंटा निघाला. बाई ओशाळली. तांडेलांनी तेवढ्याच वजनाचा दगड तळातून काढून धक्क्यावर ठेवला आणि पाटा त्याच्या जागी बसवला. "माणूस खोटा बोलता, बाये. वजन बोलणा नाय." लेक हसली. तांडेल हसले नाहीत.

साठ सालानंतरच्या एका हंगामात, नारळी पौर्णिमेनंतर मचवा पाण्यात उतरवला, तेव्हा ते म्हणाले की तो डावीकडे कलतो. आम्हांला काही जाणवले नाही. पण त्यांच्या पायांशी वाद घालण्याची रीत नव्हती. दगड उजवीकडे सरकवून नव्या खुणा केल्या. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. दगड खुणांवरच होते. त्यावरून कोणीतरी दगड हलवून खुणाही नव्याने करतो, असा त्यांनी निष्कर्ष काढला. खलाशी एकमेकांकडे पाठ करून उभे राहीनासे झाले. माझा संशय तारकर्लीच्या भिकू खलाशावर होता, कारण त्याच्या बोटांना चुना दिसला. तो पान खात असे, हे मला ठाऊक होते, तरी मी त्याचे नाव तांडेलांना सांगितले. तांडेलांनी त्याला कामावरून उतरवले. नीरम हलवणारा खलाशी सगळ्यांना बुडवतो. त्याला किनाऱ्यावर कोणी कामावर घेईना.

भिकू गेला, तरी तांडेलांना मचवा कललेलाच वाटे. तेव्हा मला त्यांच्या तळव्यांचाच संशय आला.

एका खेपेला खाडीत पाणी निवांत होते. मी दगड मूळच्या जागी लावले, मधोमध परात ठेवून ती काठोकाठ भरली आणि मचवा कुठे कलतो असे त्यांना विचारले. डावीकडे, असे ते म्हणाले. परातीतले पाणी सर्व बाजूंनी काठाला सारखे टेकले होते. त्यांनी परात फिरवली. मग ओतून स्वतः पुन्हा भरली. पाणी तसेच. त्यांचा एक हात डोलकाठीवर होता. तो सोडला असता तर ते पडले असते, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

ही गोष्ट बाहेर गेली तर एकही मालक त्यांच्या हाती मचवा देणार नव्हता. ती आपल्या दोघांतच राहील, असे मी म्हणालो.

"आणि भिकूचा काय?" त्यांनी विचारले.

मालवणला उतरताच ते धक्क्यावर बसलेल्या इतर मचव्यांच्या तांडेलांपुढे जाऊन उभे राहिले. "भिकून दगडांक हात लावूक नाय. खोट माझ्या अंगात आसा. मचवो सरळ असलो तरी माका कललेलो वाटता."

"तागडी, तुझोच काटो मोडलो काय रे?" एकाने विचारले. काही जण हसले. तांडेलांनी होय म्हणून मान हलवली.

भिकूला लवकरच दुसऱ्या मचव्यावरून बोलावणे आले. आमच्या मालकाने सुकाणू माझ्या हाती दिले. मी नाही म्हणालो नाही. तागडी तांडेलांना पुढे कोणी मचवा दिला नाही. त्यांनी तो मागितलाही नाही.