पांढऱ्या बर्फावर पांढरी टोपी

२०२३ साल. मला एकाहत्तरावं चालू होतं. कॅनडातल्या लव्हालच्या त्या बंदिस्त मैदानात शिरलं की आधी वास यायचा, ओल्या लोकरीचा आणि तळलेल्या बटाट्यांचा, आणि मग दिव्यांच्या झोतात आरशासारखा लखलखणारा बर्फ डोळ्यांत भरायचा. हिवाळ्यात घरात कोंडून बसू नये म्हणून मुलानं, प्रशांतनं, मला इथल्या बर्फावरच्या हॉकीची चटक लावली. शेजारच्या खुर्चीवर आमच्याच गल्लीतल्या जोझेटबाई असायच्या. त्यांना मराठी येत नाही, मला फ्रेंच. सगळं बोलणं हातवाऱ्यांचं.

सुरुवातीलाच माझी फजिती झाली होती. एका खेळाडूनं तिसरा गोल केला आणि चहूकडून बर्फावर टोप्या पडू लागल्या. माझं डोकंच फिरलं. पुढच्या माणसाचा हात धरून ओरडलो, "अरे, जिंकून दिलं त्यानं, आणि त्यालाच टोप्या फेकून मारता?"

"बाबा, बसा हो!" प्रशांतनं मला खाली ओढलं. "मान आहे हा इथला. एकानंच तीन गोल केले की टोप्या उधळतात."

"डोक्यावरची काढून? असला कसला मान!"

टोपी उतरवून चारचौघांत मी दोनदाच उभा राहिलो होतो : वडिलांना पोहोचवलं तेव्हा, आणि हिला पोहोचवलं तेव्हा. चौथी शिकलेल्या माणसाजवळ मिरवायला दुसरं होतं तरी काय?

मार्चमधल्या त्या संध्याकाळी बरोबरी होती आणि सतरा नंबरवाल्याचे दोन गोल झालेले. जोझेटबाईंनी तीन बोटं दाखवली, मग माझ्या टोपीकडे बोट केलं. मी ठाम मान हलवली : नाही. पण घड्याळ सरत होतं, बर्फ कापणाऱ्या पात्यांची करकर हाडांत शिरत होती, आणि त्यानं तिसरा करावा म्हणून माझ्या मुठी आवळलेल्या होत्या, करू नये म्हणूनही.

गोल झाला. जोझेटबाईंनी डोक्यावरची विटकी निळी टोपी क्षणभर छातीशी धरली आणि भिरकावली. ती त्यांच्या गेलेल्या नवऱ्याची, हे मला प्रशांतनं सांगितलेलं.

माझा हात कधी वर गेला, कळलं नाही. पांढरी टोपी तरंगत खाली गेली आणि पांढऱ्या बर्फावर कुठं टेकली ते दिसलंच नाही. उघड्या टाळूला गार वारा झोंबला, स्मशानात झोंबला होता तसाच. आत काहीतरी तुटेल म्हणून मी वाट पाहत उभा राहिलो. भोवती सगळीच डोकी उघडी होती, आणि सगळी हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंकेतल्या दोन टोप्या काढल्या, धुऊन खळ केली आणि बेसमेंटमध्ये वाळत घातल्या. एक डोक्यावर घालायला, एक खिशात ठेवायला.