मावशीचं ‘थांब’

माझ्या मावशीला घरात सगळे तोफखाना म्हणत. हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत तिनं सव्वीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला, आणि तो कात्रीपेक्षा जिभेवरच जास्त चालला. एखाद्या मुलीनं चुकीच्या जागी कात्री टेकवायचा अवकाश, खोलीच्या दुसऱ्या टोकाहून “थांब” यायचं आणि कात्री हवेतच राहायची. चार महिन्यांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठीबरोबर स्वरयंत्रही गेलं. जीव वाचला हे काय कमी आहे, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते, पण चरफडत.

हॉस्पिटलनं वापरायला एक टॅबलेट दिला. मावशीनं टाइप करायचं आणि त्यानं बोलायचं. चार्जिंग दोन दोन दिवस टिके, पण तोंड उघडण्याआधी तो इतका विचार करी, जणू कोर्टात साक्षीला उभा आहे. एकदा एका मुलीनं विचारलं, काठ दुमडू का. मावशीनं होकार टाइप केला. टॅबलेट गप्प. तोवर दुसरीनं विचारलं, बाई, आम्ही तिघी आज लवकर घरी जाऊ का. तेवढ्यात टॅबलेट खणखणीत म्हणाला, “हो, बिनधास्त.” तिघी गेल्यासुद्धा. हे ऐकून मी पोट धरधरून हसले. पुढच्याच आठवड्यात हसू पळालं. गिऱ्हाइकाच्या कोटाचं कापड एकीनं उलटं कापलं, आणि “थांब” आलं तेव्हा दोन तुकडे टेबलावर पडलेले होते. अकरा मुलींच्या पाच उरल्या. त्याही गेल्या तर क्लास बंद, आणि क्लासशिवाय मावशी माझ्या डोळ्यांसमोरच येईना.

नवा टॅबलेट घ्यायला आई, मावशी आणि मी गेलो. आई तिची थोरली बहीण, त्यामुळे निर्णय आईचा. दुकानदारानं बोलायचं ॲप टाकून दोन मांडले. एक बेताच्या ताकदीचा, पण पंधरा तास चालणारा. दुसरा चपळ, पण सतत बोलता ठेवला तर पाच तासांत मान टाकणारा. आईनं लगेच पहिल्यावर बोट ठेवलं. हिची टकळी एकदा सुरू झाली की झोपेपर्यंत थांबत नाही, हे तिनं दुकानदारालाही ऐकवलं. मीही आईच्याच बाजूची. भर दुपारी मावशी पुन्हा मुकी होणार, हे मला नकोच होतं.

मावशी स्टुलावर टेकेना. या टॅबलेटवर टाइप करून बघे, मग त्यावर, मग पुन्हा यावर. पहिला बोलेपर्यंत काउंटरवर बोटं ताडताड वाजवायची. चार्जर लावून ठेव, असं मी सुचवलं. तिनं मान हलवली. सात मशीनांमधून फिरणारी बाई, ती भिंतीला कशी बांधून घेईल? शिवाय खोलीत सॉकेट एकच, आणि त्यावर इस्त्री. टॅबलेटच्या जोडीला जादा बॅटरीही गळ्यात अडकवावी, तर ऑपरेशननंतर मान अजून दुखत होती. शेवटी माझाच पारा चढला.

“अगं, पाच तासांत बंद पडेल हा. मग काय करशील?”

“मग तुझ्या आईला बोलू देईन. बिचारी चाळीस वर्षं रांगेत उभी आहे,” चपळ टॅबलेट म्हणाला.

दुकानदार फसकन हसला, मग मी, मग नाइलाजानं आई. चार महिन्यांत पहिल्यांदाच मावशीचा टोला विषय संपायच्या आत आला होता. तिनं पुन्हा टाइप केलं.

“मला दिवसभर बोलायचं नाही. वेळेवर बोलायचंय.”

आईनं पहिल्या टॅबलेटवरचं बोट काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून क्लासवर जाऊन बसले. म्हटलं, बंद पडला तर निदान आपण जवळ असू. मावशी पट्ट्यानं टॅबलेट गळ्यात अडकवून फिरत होती आणि माझी नजर त्याच्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या आकड्यावर. एक्याण्णव. अठ्ठ्याहत्तर. मुली एकीमागून एक खिदळत होत्या. चौपन्न. मला बसवेना. बेतानं घे, असं मी दोनदा खुणावलं, तिनं दोन्ही वेळा हात झटकला. दोन वाजता एका मुलीनं कापड पसरून कात्री उचलली. “थांब” आलं. कात्री हवेत राहिली. मुलीनं कापडाकडे पाहिलं, जीभ चावली आणि ते उलटून घेतलं. सगळ्याजणींनी टाळ्या वाजवल्या. मी पाहिलं, नऊ.

क्लास सुटला तेव्हा तीन उरले होते. मावशी माझ्या शेजारी येऊन बसली आणि टाइप करू लागली. शेवटचे शब्द माझ्यासाठी ठेवले म्हणून मला भरून आलं.

“सकाळपासून आकडेच बघतेयस. मी काय काय बोलले, त्यातलं एक तरी सांग.”

मी आठवू लागले. मुली इतक्या हसल्या, त्या कशावर? हिचं बोलणं आता पुन्हा ऐकायला मिळणार नाही, म्हणून मी ऑपरेशनच्या दिवशी जिन्यात बसून रडले होते. आणि आता पाच तासांतलं एक वाक्य मला सांगता येईना. मला माझीच लाज वाटली.

“नाही आठवत, मावशी.”

ती काहीतरी टाइप करायला लागली आणि मध्येच स्क्रीन काळी झाली. तिनं खांदे उडवले, उठली, आणि चिंध्या गोळा करू लागली.

संध्याकाळी चार्जिंग झाल्यावर मी विचारलं, दुपारी काय म्हणणार होतीस? टॅबलेट क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, “त्याची वेळ गेली.”