बिनशिशाच्या टिकल्या आणि बिदरची भट्टी

दसऱ्याच्या सुट्टीत लोक गोव्याला जातात. मी बिदरला गेले. बॅगेत दोन ड्रेस, आणि औषधाच्या रिकाम्या डबीत कापसात गुंडाळलेल्या बारा टिकल्या. कपाळाच्या नव्हेत हो, कोटाच्या बटणाएवढ्या, पांढऱ्या, कच्च्या.

आधी ह्या टिकल्यांचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई खुळी आहे. गॅसच्या लायटरमध्ये असाच एक तुकडा असतो. तो दाबला की वीज तयार होते आणि ठिणगी पडते. बाजारातल्या तुकड्यात शिसं असतं, शिसं विषारी, म्हणून बिनशिशाचा माल शोधण्यासाठी जगभर माणसं डोकं आपटतायत. त्यातलंच एक डोकं कलबुर्गीत पीएचडी करतं, ते माझं. क्षार पाण्यात विरघळवायचे, इंधन म्हणून ग्लायसीन घालायचं आणि शेगडीवर ठेवायचं. आटतं, फुगतं, भप्पकन पेट घेतं आणि मऊ भुकटी उरते. बघायला फार मजा येते, पण ती दोन मिनिटांचीच. मग भुकटी दाबून टिकली करायची आणि भट्टीत भाजायची. खरी मारामारी तिथं. हजार पन्नास अंशाला टिकली कच्ची राहते, नखानं भुगा होतो. अकराशे पन्नासला शिशाऐवजी घातलेलं बिस्मथच उडून जातं. घाईनं तापवली की तडकते. आणि मधेच लाइट गेली तर (कलबुर्गीत ती जातेच) सगळं मुसळ केरात.

दोन वर्षं हेच चाललं होतं. माझ्या टिकल्यांचा आकडा, म्हणजे दाबल्यावर किती वीज देतात तो, आमच्या सरांच्या जुन्या पेपरमधल्या आकड्याच्या निम्म्यावर अडलेला. कृती तीच, भुकटी तीच. सरांचं निदान ठरलेलं: "तुझ्या हातालाच वळण नाही." आकडा जुळल्याशिवाय थिसिसवर सही नाही, आणि फेलोशिप दिवाळीला संपणार. शेवटी सर म्हणाले, "मी बिदरच्या भट्टीत भाजल्या होत्या. जा, तिथं जाऊन कर."

अष्टमीला सकाळी निघाले. बस थेट मिळाली तर नशीब, नाहीतर हुमनाबादला बदलायची. कमलापूरला लाल केळी घ्या, खिडकीतूनच मिळतात. सुट्टे पैसे ठेवा, कंडक्टर त्यावरून वंशाचा उद्धार करतो. रस्ता खड्ड्यांतून शोधावा लागतो. मी डबी मांडीवर धरून बसले, तशी शेजारची म्हातारी म्हणाली, "देवाचं हाय का काय त्यात?"

"न्हाई आज्जी, शाळेचं."

"मग इतकं कामून जपायलीस?"

हुमनाबाद स्टँडवर सुसला आणि मिरची भजी हाणली. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तो प्रकार पुण्यामुंबईच्या पोह्यांना पाणी पाजतो, आणि ह्यावर मी वाद घालणार नाही.

बिदरच्या कॉलेजात भट्टीचे मालक एकच, लॅब अटेंडंट शरणप्पा अण्णा. कागदोपत्री विभागप्रमुख वगैरे असतील, पण किल्ली अण्णांच्या कमरेला. मी टिकल्या डबीसारख्या मुशीत ठेवल्या, वर त्याच भुकटीचं पांघरूण घातलं म्हणजे आतलं बिस्मथ उडू नये, झाकण लावलं आणि म्हणाले, "अण्णा, उद्या सकाळी चालू करू."

"उद्या?" अण्णांनी मी गाय मारल्यासारखं बघितलं. "उद्या आयुधपूजा. मशीनला सुट्टी. परवा करा की अक्का."

"अण्णा, दिवाळीला माझी फेलोशिप संपायलीय."

"दिवाळीला टाइम हाय. भट्टी वर्सभर जळायलीय, एक दिवस इसावा नको तिला?"

बिनतोड. नवमीला सकाळी त्यांनी मला पूजेला बोलावलं. आमचं घर बौद्ध, आमच्याकडं दसरा म्हणजे धम्मचक्र दिन. मी म्हटलं, तुम्ही करा अण्णा, मी होळगीला (म्हणजे पुरणपोळीला) येते. ते हसले आणि मी किल्ला बघायला गेले. जरूर जा, टोपी आणि पाणी घेऊन. गाइडनं सांगितलेलं निम्मंच खरं धरा. दुपारी नौबाद भागातल्या माझ्या लॉजवर अण्णांच्या घरून होळगी आणि तुपाची वाटी आली. परक्या गावात मला कुणी इतकं आपलं मानून जेवू घातलं नव्हतं. चार होळग्या खाल्ल्या, खोटं कशाला बोलू.

दशमीला सात वाजता भट्टी सुरू. मिनिटाला पाच अंश, अकराशेवर दोन तास मुक्काम, मग सावकाश निववायचं. लाइट एकदाही गेली नाही! एकादशीला सकाळी मूस उघडली आणि मी ओरडलेच. घट्ट, फिकट पिवळ्या, एकही तडा नाही. एखादी फरशीवर टाकली की नाण्यासारखी वाजे.

"बघा!" अण्णा खूश. "शेंदूर लावल्ता न्हवं. गुण येतोच."

"कुठं लावल्ता?"

"भट्टीत आतल्या बाजूनं पाच ठिपके. तुमच्या डबीच्या झाकणालाबी आतूनच एक. भाईर लावला की साहेब लोक वरडतेत, डाग पडला म्हणून."

मी स्टुलावर बसले. शेंदूर म्हणजे शिसं. भाजलेलं, लालभडक, अस्सल शिसं. अकराशे अंशाला ते झाकणावर बसून राहतं होय? ते उडतं, आणि माझ्या बिनशिशाच्या टिकल्यांत शिरतं. माल जोरदार होतो, म्हणूनच तर बाजार शिसं सोडत नाही.

अण्णांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. मग हळूच म्हणाले, "तुमच्या सरांच्या टायमालाबी लावल्ता, अक्का. ते बी दसऱ्यालाच आल्ते. सुट्टीतच भट्टी मोकळी ऱ्हाते न्हवं."

मला हसू आलं, रडू आलं, काय आलं देव जाणे. अण्णा म्हणाले, "फुडल्या साली नुसती हळद लावतो." म्हटलं, लावा, पण भाईरून.

परतीच्या बसमध्ये मी चांगलीच बेइमान झाले होते, कबूल करते. एक ठिपका! कोण विचारणार? कलबुर्गीला येऊन मोजलं तर सरांचाच आकडा, जवळजवळ जसाच्या तसा. सर खुर्चीतून उठले. "बघितलंस? भट्टी महत्त्वाची!" पेन त्यांच्या खिशात, सही वीतभर अंतरावर. गप्प बसले असते तर दोघांचंही भलं होतं. पण मग माझा आकडाही शेंदराचाच झाला असता, आणि पुढं कुणीतरी पोरगी दोन वर्षं स्वतःच्या हातांना शिव्या घालत बसली असती. मी सांगून टाकलं.

सर परत खुर्चीत बसले. मी एक टिकली केमिस्ट्रीतल्या माझ्या मैत्रिणीकडं तपासायला दिली. दोन दिवसांनी उत्तर आलं: शिसं आहे. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आता संपलं. त्यांनी विचारलं, "तुझा आधीचा आकडा काय होता?" मी सांगितला. त्यांनी तो स्वतःच्या हातानं माझ्या वहीत लिहिला आणि म्हणाले, "हा खरा. हाच टाक. माझ्या पेपरचं मी बघतो." आवाज बारीक झाला होता त्यांचा. असं बोलायला काळीज लागतं, एरवी मी त्यांच्याबद्दल काहीही म्हणत असले तरी.

सही झाली. दोन दिवस गावी, राजेश्वरला, घरी गेले. आई भाकरी थापत होती, मी चुलीपाशी बसून सगळी कथा सांगितली. शिसं, बिस्मथ तिच्या डोक्यावरून गेलं. एवढंच विचारलं, "मग दोन वर्सं चूक कुणाची व्हती?"

मी दोन्ही हात तिच्यापुढं धरले. "ह्यांची न्हाई, आई." आणि तिथंच, पिठाच्या परातीपाशी, ढसाढसा रडले.