कांजीतले तिकोनी तुकडे

फोन आला तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टची मोहरी दुमडत मी त्याच्या पायाशी बसलो होतो. मोबाइल काउंटरवर वाजत राहिला, शेवटी त्या गिऱ्हाइकानेच तो उचलून माझ्या कानाला लावला. "मामा, आई गेली," भाचा म्हणाला. मला बोलता येईना. एकेक टाचणी काढून उशीत खोचेपर्यंत तो तिकडून "हॅलो, हॅलो" करत होता... यमुताई माझी मोठी बहीण. तिचं-माझं बोलणं आयुष्यभर असंच झालं. ती काहीतरी सांगायची आणि माझं लक्ष हातातल्या कामात असायचं. तिला जाऊन आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात मी तिच्यावर जेवढा चिडलो तेवढा ती असताना कधी चिडलो नव्हतो.

नेरला माझं चाळीस वर्षांपासून जेन्ट्स टेलरचं दुकान आहे. ताई राळेगावजवळच्या एका खेड्यात दिलेली. शेतातलं, घरातलं आटोपलं की दुपारी ती गोधड्या शिवायला बसायची, आणि त्याही तिकोनी तुकड्यांच्या. ज्यांनी सुई धरली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्यावर कापलं तर मापात राहतं. तिरपं कापलं, म्हणजे आम्ही ज्याला उरेब म्हणतो तसं, की ते नुसतं उचललं तरी ताणतं. तिकोनी तुकड्याची एक बाजू उरेब असणारच. असे शंभरेक तुकडे जोडताना प्रत्येक जरासा जरी ताणला गेला तरी शेवटी गोधडी मधोमध भाकरीसारखी फुगते. त्यातून ताईचं कापड जुन्या सुती लुगड्यांचं, धुवून धुवून सायीसारखं मऊ झालेलं. तरी तिची गोधडी भुईवर टाकली की चारी कोपरे टेकून गुमान बसायची.

मी तिला चिडवायचो. एकदा ती दुकानात आली असताना म्हणालो, "ताई, गोधडीले कायचं आलं माप? पांघरायचं अन् झोपायचं."

"तुही पॅन्ट मानसाच्या अंगावर असते, वसंता," ती म्हणाली. "तो हालते, वाकते, कोनाले काय दिसते? माही गोधडी भुईवर पडते. तिथं चूक कुठी लपवू?"

मी तेव्हा खाकी कापडावर जोर लावून इस्त्री पुढे-मागे फिरवत होतो. ती ते बघत बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "तू कपड्याले असा रगडून काहून राह्यला?" मी हसलो. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, तीही हसली. तिला पुढे काही सांगायचं होतं, ते राहूनच गेलं. चाळीस वर्षं शिवणाऱ्या टेलरला गोधडीवाली बाई इस्त्री शिकवणार, ही मला त्या दिवशी मोठी गंमत वाटली होती.

आमची शेवटची भेट तिच्या घरी झाली. तिची नात स्वाती पहिलटकरीण होती आणि तिच्या बाळासाठी ताईने छोटी गोधडी शिवायला काढली होती. तुकडे कापून तयार होते. त्यांतला एक रानी, म्हणजे गडद गुलाबी रंगाचा तुकडा माझ्या हातावर ठेवून ती म्हणाली, "याच्या जोडीचा दोरा आनून दे. पोट्टीचं बायंतपन होईन तोवर होते पुरी. अन् तुकडा खिशात कोंबू नको, वहीत ठेव." मी तो माझ्या मापाच्या वहीत ठेवला. दोरा मात्र आणला नाही. लग्नसराई होती, आज-उद्या करत राहिलो. दोरा वेळेवर पोचवला असता तर तिने ती गोधडी शिवून ठेवली असती आणि मला हे लिहायची वेळ आली नसती.

ती गेल्यावर दहाव्याच्या आदल्या दिवशी घरातलं सगळं धुवून काढायचं होतं. घरात मीच वडीलधारा, त्यामुळे हुकूमही माझेच. अंथरूण, पांघरूण, दोरीवरचं, पेटीतलं, सगळं बाहेर काढायला लावलं. ताईच्या पलंगाखाली एक पाट होता, त्यावर वरवंटा ठेवलेला आणि पाटाखाली हे तुकडे एकावर एक. हाताला कडक लागले. मला वाटलं, मळ धरलाय.

ताईची सून सुनंदा घुटमळली. "मामाजी, हे राहू द्या ना. आई याले हात लावू देत नव्हत्या."

"सुतकात हे ठेवायचं अन् ते धुवायचं, असं नसते," मी म्हणालो. "टाक भिजत."

तिने टाकले. साबणात भिजवून, चोळून, पिळून वाळत घातले. मग मीच मोठ्या तोंडाने सांगितलं, "स्वातीची गोधडी मी शिवतो, बारशाच्या आत आणून देतो." आणि तुकडे घेऊन नेरच्या एसटीत बसलो.

त्यानंतरचे तीन आठवडे कसे गेले ते मलाच माहीत. तुकडे वेडेवाकडे झाले होते, कडांचे धागे सुटले होते. इस्त्री केली तर आणखी पसरले. कच्चे टाके घातले, कैचीने कडा सारख्या केल्या, मशीन सोडून हाताने शिवून पाहिलं. पहिल्या खेपेला मध्ये टेंगूळ आलं. उसवलं. दुसऱ्या खेपेला एक बाजू चार बोटं लांब भरली. मी तिला शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू? एवढं येत होतं तर कोणाला धड शिकवलं का नाही? सुनंदाला का नाही सांगितलं? मग आठवायचं की मला सांगायला ती निघाली होती, आणि आम्ही सगळे हसलो होतो.

एका गिऱ्हाइकाचं जुनं माप बघायला वही उघडली आणि तो रानी तुकडा पडला. पापडासारखा ताठ, तिन्ही बाजू जशाच्या तशा. नाकाशी धरला तर भाताच्या कांजीचा वास. म्हणजे तिने आधी लुगडं कांजीत भिजवून वाळवलं होतं आणि मग कापलं होतं, शिवून होईपर्यंत ताणू नये म्हणून. आणि ती सगळी कांजी मी मळ समजून धुवायला लावली होती. चाळीस वर्षं कापडात हात घालून बसलेल्या माणसाला कांजी ओळखू येऊ नये? त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं आणि आत बसून रडलो.

मग सुनंदाला फोन केला. ताई तुकड्यांना इस्त्री कशाने करायची, ते विचारलं.

"तांब्यात निखारे टाकून. पन फिरवत नव्हत्या, मामाजी. ठेवत, उचलत. ठेवत, उचलत. म्हनत, रगडलं का कपडा पयते." म्हणजे पळतो, मापातून सुटतो.

तुकडे पुन्हा कांजीत घातले, टेबलावर टाचण्यांनी ताणाविना बसवून वाळवले. तो रानी तुकडा समोर ठेवून एकेक त्याच्या मापात आणला. काही गेले ते गेलेच, त्यांच्या जागी माझ्या जुन्या धोतराचे घातले. इस्त्री ठेवायची, उचलायची. हात सवयीने पुढे सरकतोच, मग मी डाव्या हाताने उजवं मनगट धरतो. गिऱ्हाइकं विचारतात, "टेलर, हात दुखते का?" मी हो म्हणतो.

शेवटी एक तुकडा कमी पडला, तो कोणता हे सांगायला नको. तिच्या हातच्या कांजीचा तेवढाच उरला होता आणि मला तो वहीत ठेवायचा होता. पहिल्याच धुण्यात ती कांजी जाणार... पण ताईने ती शिवण होईपर्यंतच घातली होती. काल तो जोडला, त्याच्या जोडीच्या दोऱ्याने.

स्वातीला मुलगी झाली आहे. बारसं रविवारी आहे. आज सकाळी गोधडी दुकानाच्या फरशीवर टाकली. रानी तुकड्याकडचा कोपरा टेकला, आणखी दोन टेकले, चौथा मात्र बोटभर उचलला जातो. फोनवर सांगितलं तर सुनंदा म्हणाली, "राहू द्या मामाजी, कोनाले दिसते?"

मी उसवायला कैची घेतली आहे. रविवारला अजून चार दिवस आहेत.