आम्ही त्याला पोटदुखी म्हणत होतो

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आत्या सांगलीच्या दवाखान्यात का होती? मी म्हटलं, "पोटाचं छोटंसं ऑपरेशन होतं." फोन ठेवला आणि लक्षात आलं, की सतरा वर्षं मी सगळ्यांना 'पोटाचं' असंच सांगत आले आहे. आत्याला विचारूनच आता नीट लिहिते. नातीने वाचावं, तसं नातवानेही वाचावं.

तुमची आत्या चौदा वर्षांची असताना एकदा भर दुपारी शाळेतून रिक्षाने घरी आली. चेहरा पांढराफटक, दप्तर पोटाशी घट्ट धरलेलं. मी साताऱ्यातच दुसऱ्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. तुमचे आजोबा लष्करात, दूर कुठेतरी पोस्टिंगवर. त्यामुळे घर, बँक, आजारपण सगळं माझ्याकडे. मी स्वतःला सुधारलेली समजत असे. मुलीला चार दिवस बाजूला बसवणं मी कधी केलं नाही. पण 'पाळी' हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. पाळी आली की 'पोट दुखतंय' म्हणायचं. मी माझ्या आईला तसं सांगायचे, मुलीने मला तसंच सांगितलं, आणि मी डॉक्टरांनाही तसंच सांगितलं.

डॉक्टरांनी मग पोटच तपासलं. जंताचं औषध झालं, ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, एकदा मुतखड्याची शंका आली. एकोणिसाव्या वर्षी अपेंडिक्स काढलं. ते जरा सुजलेलं होतं म्हणे. कारण सापडलं, असं मी सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवलं. पुढच्याच महिन्यात ती पुन्हा बाथरूमच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. सोनोग्राफी प्रत्येक वेळी नॉर्मल यायची. मी ते रिपोर्ट तारखेप्रमाणे फाइलला लावत गेले. फाइल जाड होत गेली तसा तिच्यावरचा माझा विश्वास पातळ होत गेला. हे लिहायला जड जातंय. "परीक्षा जवळ आली की आमच्या बाईसाहेबांचं पोट दुखतं," असं मी स्टाफरूममध्ये हसत बोललेली आहे.

गौरी-गणपतीला आम्ही वडूजजवळच्या गावी, आजोबांच्या थोरल्या भावाकडे जातो. गौरी घरात असताना कुणाला अडचण यायला नको, म्हणून माझ्या थोरल्या जाऊबाई घरातल्या सगळ्या मुलींना आधीपासूनच पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायला लावत. मला ते पटत नसे, पण सणात वाद नको म्हणून मीही मुलीच्या हातावर गोळी ठेवत असे. त्या पंधरा-वीस दिवसांत तिचं काही म्हणजे काही दुखत नसे.

जाऊबाई कौतुकाने तिच्यावरून हात ओवाळून कानशिलाशी बोटं मोडायच्या. "बग, गौराय कशी सांबाळती. सातारला हिला बरं न्हाई, आन् हितं आली की घोड्यावानी पळती."

विसर्जन व्हायचं, गोळ्या बंद व्हायच्या, आणि तीन-चार दिवसांत मुलगी आडवी. मी म्हणायचे, "पुरणपोळी बाधली." दर वर्षी हेच.

आत्या एकतीस वर्षांची झाली तोवर कारखान्यातल्या नोकरीत तिच्या दर महिन्याला तीन-तीन रजा होऊ लागल्या होत्या. यंदा साताऱ्यातल्या एका डॉक्टरांनी प्रथमच पाळीबद्दल विचारलं. विचारलं आणि लगेच सल्ला दिला, की पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढून टाका. ऑपरेशनची तारीखही दिली.

जाऊबाई भेटायला आल्या. "काडून टाक की. माजी काडली तवापास्नं लय सुख हाय. आमच्या आळीत आता कुनाची ऱ्हायलीया?"

"मोठी आई, तुझी तीन पोरं झाल्यावर काढली," आत्या म्हणाली.

"मग तुला कोन नको म्हनतंय? आदी लगीन कर, पोरं कर, मग काड!"

आत्या हसली. मग माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून म्हणाली, "आई, मला मूल हवं की नको, मला माहीत नाही. पण माझं ठरायच्या आत कुणी पिशवी काढू नये. आणि नक्की कशासाठी काढतायत, ते तरी कुणी सांगा मला."

मी फाइल काढून पहिल्यापासून चाळली. कशासाठी, ते तिच्यात कुठेच नव्हतं.

तिच्या कारखान्यातल्या मैत्रिणीने सांगलीतल्या एका खाजगी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचा पत्ता दिला. साताऱ्याच्या तारखेला तेव्हा नऊ दिवस उरले होते. आम्ही दोघी सकाळच्या एसटीने निघालो. फाइल माझ्या मांडीवर, तिला मी नवी अनुक्रमणिका केलेली.

डॉक्टरबाईंनी फाइल उघडलीच नाही. "कधीपासून दुखतंय?"

"चौदाव्या वर्षापासून पोट दुखतं तिचं," मी म्हटलं. "मला वाटतं पचनाचा—"

"काकू, पेशंट कोण आहे?"

"ही."

"मग तिला बोलू द्या. तुम्ही बसा इथे, पण गप्प बसा हं."

पस्तीस वर्षं हे वाक्य मी वर्गात बोलत आले होते. मला ते कुणी ऐकवलं नव्हतं. मी खुर्ची जरा मागे घेतली.

त्यांनी विचारलं, पाळीच्या किती दिवस आधी सुरू होतं? कंबरेत जातं का? पायात? त्या दिवसांत शी करताना दुखतं का? "सुरी फिरल्यासारखं," आत्या म्हणाली. एका घरात राहून हे मला माहीत नव्हतं.

"बरं, अजिबात दुखलं नाही, असं कधी झालंय?"

आत्याने विचार केला. "गौरीत."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "गौरीत म्हणजे?"

आत्याने गोळ्यांचं सांगितलं. किती दिवस, कुठल्या, दर वर्षी का, सगळं त्यांनी लिहून घेतलं. "आणि गोळ्या बंद केल्या की?"

"पुरणपोळी बाधते," आत्या माझ्याकडे बघत म्हणाली.

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. आत्याही हसली. मी हसायचा प्रयत्न केला आणि मला ते जमलं नाही.

"याच जातीच्या गोळ्या आम्ही औषध म्हणून देतो," त्या म्हणाल्या. "पाळी थांबली की दुखणं थांबतं. मग हे पोटाचं कसं असेल?"

एमआरआय झाला आणि आजाराला नाव मिळालं: एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं, तसंच काहीसं बाहेर, आतड्यांवर, बीजकोशावर उगवतं. पाळीबरोबर तेही सुजतं, आतल्या आत चिकटत जातं. साध्या सोनोग्राफीत ते बऱ्याचदा दिसत नाही. "आजार पिशवीच्या बाहेर पसरलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नुसती पिशवी काढली असती, तर पिशवीही गेली असती आणि दुखणंही राहिलं असतं."

आत्या तिथे रडली. भीतीने रडत असेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "नाही गं. खरंच काहीतरी आहे, म्हणून."

परतीच्या वाटेवर मी तिची माफी मागायला सुरुवात केली. "आत्ता नको," ती म्हणाली. "भूक लागलीय. कराडला उतरून आधी काहीतरी खाऊ." मी वडापाव आणले. माफी राहिली, ती मी नंतर तुकड्यातुकड्यांनी मागितली. जाऊबाईंच्या आळीतल्या बायकांचा विचार मात्र त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. आम्हाला दुसरं मत घ्यायला सांगलीला जाता आलं. त्यांच्यातल्या कितीजणींना कुणी एवढे प्रश्न विचारले असतील?

साताऱ्याची तारीख आत्याने स्वतः फोन करून रद्द केली. सांगलीत ऑपरेशनच्या सकाळी संमतीचा कागद आला. इंग्रजीत होता, म्हणून सवयीने मी पर्समधून चष्मा काढला. तोवर तिने नर्सकडून तो घेतलाही होता. तिने तो शेवटपर्यंत वाचला, डॉक्टरबाईंना बोलावलं आणि विचारलं, "यात गरज पडल्यास गर्भाशय काढू असं आहे. गरज म्हणजे काय?"

"जीवावर बेतलं तर. एरवी हात लावणार नाही."

"मग तसं यात लिहून द्या." त्यांनी लिहिलं. मग तिने सही केली.

दुर्बिणीचं ऑपरेशन चार तास चाललं. संध्याकाळी तिला जाग आली तेव्हा ओठ कोरडे होते, शब्द जड येत होते. "आहे?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

दुखणं पूर्ण गेलेलं नाही. रोज एक गोळी आहे, दर काही महिन्यांनी सांगलीची फेरी आहे, आणि हे परत उगवू शकतं, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं आहे. पण या महिन्यात तिची एकही रजा झाली नाही. सांगलीला ती आता एकटी जाते. मूल हवं की नको, हे तिचं अजून ठरलेलं नाही. मी विचारत नाही, आणि कॉलवर तुम्हीही विचारू नका.