लाइनीपाशी बसलेली माय

त्या दिवशी लाइनीपाशी आमी तिघी होतो — मी, माझी जाऊ पारबता, आन तिची सून रेखा. मैदानात माझा पोरगा विनोद, तोंडात शिट्टी. गोल मारला तो पारबताचा नातू गोलू. आन खुर्चीवर नागपूरचा सायेब. बाकी सारं गाव होतं, पन गावाले लांबून काय दिसते? हे मी आजवर कोनाले बोलली नाई. नवऱ्याले बी नाई, तो मरेपर्यंत.

विनोद आधी स्वतः फुटबॉल खेळे. कलकत्त्याच्या एका क्लबात पगारावर होता. गुडघा गेला — चिरला, परत चिरला, खेळाजोगा सुधरला नाई. घरी आला तं भितीकडं तोंड करून पडून राहे. मंग रेफरीची परीक्षा दिली. मी म्हटलं, "लोकाच्या शिव्या खाचा हा कसला धंदा रे?" हासला. म्हने, "मैदानात तं राहीन ना, माय."

एवढंच पायजे होतं त्याले.

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेच्या वक्ताले आमच्या गावात टुर्नामेंट राहते, जिंकनाऱ्याले बोकड. त्या साली फायनलले विनोदच रेफरी. गावाले वाटलं, आपलाच मानूस हाये. सायेब त्यालेच पाहाले आला होता — मोठ्या मॅचा द्याच्या का नाई म्हनून.

आमच्याकडं बाया बोऱ्या टाकून लाइनीले लागूनच बसतात, बाहेरच्या अंगानं. बॉलवरून झगडा झाला तं तिथं बसलेल्या बाईलेच विचारतात. ती म्हनन ते खरं. जुनी रीत आहे.

गोलूनं बॉल आमच्या जवळून नेला आन गोल मारला. गाव नाचलं. विनोदनं शिट्टी मारली — गोल नाई, बॉल पयलेच बाहेर गेला होता.

सारे आमच्याकडं धावले. "काकी, तू तं खोटं बोलत नाईस. सांग बरं." पारबता म्हने, "मी तं पान लावत होती, बाई." रेखा खाली पाहून राहिली. सायेब बी उठून आला. विनोद मांगं उभा होता — निश्चिंत. माय आहे ना तिथं, मंग काय?

बॉल माझ्या पायाले लागला होता. माझा पाय चुन्याच्या लाइनीपासून हातभर बाहेर. बोटाले लागून बॉल परत आत गेला.

मी म्हटलं, "आतच होता."

काऊन म्हटलं? साऱ्या गावाचे डोळे होते. पारबताच्या अंगनातून रोज पानी आनाचं होतं. ही कारनं झाली, ऐकाले बरी वाटतात. मी भेली, बस.

गाव म्हने, यानं समोरच्यांकून पैसे खाल्ले, सख्खी माय खोटं बोलन का? सायेब नागपूरले निघून गेला. मॅचा आल्या नाईत, मोठ्या बी नाई, लहान बी नाई.

घरी विनोदनं मले एकच विचारलं — "माय, पायाले जोरानं तं नाई ना लागला?"

मी म्हटलं, "काय लागला?"

तो उठून बाहेर गेला. त्यावर परत कधी बोलला नाई. आता कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर थाळ्या नेते, लंगडत. गावचे पोट्टे तिथं जाऊन चिडवतात, "ओ रेफरी, दाल आत का बाहेर?" तो दाल वाढते.

त्याले माफी मागून काय देऊ? मैदान तं देता येत नाई.

तुमी कधी कोहमाऱ्याले जेवाले थांबलात, तं त्याले रेफरी म्हनू नका. विनोद म्हना.