पायाळू दादा आणि माझी कंबर

"दुखत असंल तर दुखतंय म्हण, आन् दुखत न्हाई तर बसलास कशाला?"

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कांद्याच्या वाफ्यातनं ओरडत होता. असा ओरडत होता की घोड नदीतले बगळे उडाले ते थेट दौंडच्या पुलावर जाऊन टेकले. पलीकडं इनामगावच्या उत्खननाच्या टेकाडाखाली हजारो वर्षं निजलेल्या माणसांनी कूस बदलली असेल. त्यांच्याही कमरा दुखत असणार म्हणा; उगीच का कुणी इतका वेळ आडवं पडतं. मी बांधावर बसलो होतो, शेजारी रोपांचा भारा, आणि खरी पंचाईत अशी की त्या घटकेला मला काहीएक दुखत नव्हतं. कांद्याची लागण करणाऱ्या बायांनी माना वर केल्या. एकीनं दुसरीला विचारलं, पाव्हणे कवा आले म्हणं. पाव्हणा म्हणजे मी.

ह्या कमरेची कथा कारेगावात सुरू झाली. तिथं एका कंपनीत मी लाइनवर होतो. एक पेटी उचलताना कमरेत काहीतरी कडकन् बोललं. पेटी किती जड होती ते मी गावात प्रत्येकाला वेगळं सांगितलंय, म्हणून इथं सांगत नाही. महिन्याभरात बरं होईल, डॉक्टर म्हणाले. सूज गेली, दुखणं राहिलं. नोकरी गेली, दुखणं राहिलं. शिंक येतीय असं वाटलं की मी आधी भिंत धरायचो, मग देवाचं नाव घ्यायचो, मग शिंकायचो. आणि मधेच एखादा दिवस असा उगवायचा की काहीच नाही, अंग पिसासारखं. त्या दिवशी मी साठलेलं सगळं काम एकट्यानं उपसून काढायचो, आणि पुढचा आठवडा खाटेवर. गावानं एवढंच पाहिलं : काल भारे वाहत होता, आज झोपलाय.

त्यात मी थापाड्या. आमच्या उसात मी पाहिलेल्या बिबट्याला तीन शेपट्या होत्या, हे मी शपथेवर सांगून चुकलो होतो. तेव्हा माझ्या कमरेचं दुखणं त्या दोन जादा शेपट्यांच्या रांगेत जाऊन बसलं. कमरेचा एक्स-रे फोटो काढला, तर डॉक्टर म्हणाले, वयोमानानं थोडी झीज आहे, विशेष काही नाही. ते 'विशेष' वाटेतच गळालं. गावात पोचलं ते नुसतं 'काही न्हाई'.

आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे दादाचा पाय. दादा पायाळू. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेला. अशा माणसानं कमरेत लाथ घातली की भरलेली उसण निघते, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. दादाचा पाय तर दोन तालुक्यांत गाजलेला. राहू गावचा एकजण विळ्यासारखा वाकून आला होता, तो लाथ खाऊन इतका सरळ झाला की जाताना चौकटीला डोकं आपटलं आणि मग डोक्याचं औषध घेत बसला. रविवारी सकाळी अंगणात रांग लागायची. दादा एका हातानं चौकट धरायचा, पाय उचलायचा, धप्पकन् लाथ, आणि विचारायचा, "गेली?" समोरच्यानं "गेली" म्हणायचं आणि मागं न बघता चालू लागायचं, अशी रीत. मीही कितीदा तरी म्हणालो, गेली. सख्ख्या भावाची कंबर सुटेना म्हटल्यावर राहूचा माणूस कशाला येईल? पायाळूला स्वतःला तर उसण भरतच नाही, असं आमच्याकडं ठाम मत. दादाकडं बघून ते पटायचंही. माणूस कधी बसलेला दिसायचा नाही. चहासुद्धा चौकटीला खांदा लावून उभ्यानं. आम्ही म्हणायचो, काय रुबाब.

शेवटी बायकोनं मला दौंडला एका फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडं नेलं. त्यांनी विचारलं, दुखणं दहापैकी किती? मी म्हणालो, चौदा. त्यांनी लिहिलं सात. सातच होतं. मग म्हणाल्या, तुमची इजा केव्हाच भरून आलीय, पण शरीर अजून धोका आहे असं ओरडतंय. दुखणं खरंच आहे, पण म्हणून दर वेळी आत काही मोडतंय असं नाही. मला आमचं कुत्रं आठवलं. एकदा बिबट्या त्याच्या अंगावर आला, तेव्हापासून ते कोंबडीवर भुंकतं, वाऱ्यानं हललेल्या धोतरावर भुंकतं, माझ्यावर भुंकतं. त्याला मारून उपयोग नाही, बांधून ठेवूनही नाही. रोज थोडं थोडं उसाच्या कडेनं फिरवायचं.

मॅडमनी तसंच सांगितलं. रोज थोडं चालायचं, थोडं काम करायचं, आणि दुखायच्या आधी थांबायचं. दुखल्यावर नाही, आधी. ऐकायला सोपं आहे. पण कांद्याची लागण चालू असताना, धडधाकट दिसणाऱ्या, काही न दुखणाऱ्या माणसानं बांधावर बसून दाखवावं. कमरेपेक्षा मान दुखते, खाली घालून घालून. आणि ते बसणं सोडून दिलं तर पुन्हा खाट होतीच. त्या खाटेला मी त्या बिबट्यापेक्षा जास्त घाबरत होतो.

तर त्या दिवशी दादा ओरडला, आणि वर म्हणाला, उद्या रविवार हाय, सगळ्यांदेखत एकदाच काय ती उसण काढून टाकू.

रविवारी रांगेत सगळ्यात पुढं मी. मागं दौंडकडची चार माणसं, कमरेला हात लावून. दादानं चौकट धरली. लाथ बसली. कळ पार टाचेपर्यंत गेली.

"गेली?"

थाप मारायला माझ्या तोंडाला कधी कष्ट पडले नाहीत. त्या दिवशी खरं बोलताना जीभ जड झाली.

"न्हाई," मी म्हणालो.

दादानं पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा तेच म्हणालो. मग रांगेतल्या एकाला शिरूरचं काम आठवलं, दुसऱ्यानं त्याच्याच गाडीवर जायचं ठरवलं, आणि बघता बघता अंगण रिकामं झालं. कुत्रं त्यांच्यावर फाटकापर्यंत भुंकत गेलं.

दादा तिथंच उभा होता, चौकट धरून. चहा आला, तो उभ्यानंच घेतला. मी पायरीवर बसलो. म्हणालो, तुझ्या पायाला मी नावं ठेवत न्हाई दादा, दुखणंच निराळं हाय. आता मला मधून मधून बसावं लागणार, दुखत नसलं तरी. मग राहिलेलंही सांगून टाकलं.

"माझी उसण कदीच गेली न्हवती, दादा. एकदाबी न्हाई."

दादानं कप चौकटीच्या कोनाड्यात ठेवला. खांदा तसाच टेकलेला.

"माझीबी न्हाई," तो म्हणाला.